सोळा मात्रांत फुलराणी, तुतारी आणि उंदीर

घरातल्या एका लग्नासाठी मावशीने मंगलाष्टक रचले होते आणि ते म्हणताना एका ठिकाणी तिला हमखास ठेच लागत होती. ओळ अशी होती: ‘आजोबा कमलाकर निजमुखे आशीष देती तयां’. ‘स्वस्ति श्रीगणनायकं गजमुखं’ ज्या चालीत म्हटले जाते त्याच चालीत ही ओळ म्हणून पाहिली, की ‘कमलाकर’मधल्या शेवटच्या ‘र’वर आवाज रेंगाळायला लागतो, कारण चालीला त्या जागी लांब अक्षर हवे असते आणि ‘र’ तर आखूड आहे. मावशी तो ‘र’ ओढून म्हणायची, त्यामुळे ऐकणाऱ्याला ‘कमलाकरा’ असे ऐकू यायचे, म्हणजे नातवाच्या लग्नात कुणीतरी आजोबांना एकेरीत हाक मारते आहे असे वाटायचे. दोन दिवस खटपट करून तिने ओळ बदलली: ‘आजोबा कमलाकरास नमुनी घेती करी हार ते’. आता ओळ चालीत चपखल बसली. मात्र तेवढ्यात आणखी एक गोष्ट घडली होती, जी तिच्या लगेच लक्षात आली नाही. पहिल्या ओळीत आजोबा आशीर्वाद देत होते आणि दुसऱ्या ओळीत ते नमस्कार घेत होते. एका अक्षराच्या लांबीपायी वाक्याचा कर्ता बदलला होता.

कवितेच्या वृत्ताचा आणि अर्थाचा संबंध काय, या प्रश्नाला हात घालायचा तर मावशीच्या या ओळीपासून सुरुवात करणे मला सोयीचे वाटते, कारण शाळेत वृत्त शिकताना आपल्या मनात एक समज घट्ट बसलेला असतो. कवीला जे सांगायचे ते आधी तयार असते, मग तो ते वृत्ताच्या साच्यात ओततो, आणि परीक्षेत आपण फक्त साचा ओळखायचा, असा तो समज आहे. प्रत्यक्षात साचा आशयाशी सतत हुज्जत घालत असतो आणि त्या हुज्जतीतून जे निघते ती कविता असते.

आधी मोजण्याची रीत पाहू. मराठीत ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघु आणि दीर्घ स्वराचे अक्षर गुरु मानतात, आणि लघूला 1 मात्रा तर गुरूला 2 मात्रा धरतात. लघु अक्षरावर अनुस्वार असेल किंवा त्याच्यापुढे जोराने उच्चारले जाणारे जोडाक्षर असेल तर तेही गुरु होते, म्हणूनच ‘सज्जन’ या शब्दातला ‘स’ गुरु आहे. ‘जोराने उच्चारले जाणारे’ ही अट महत्त्वाची आहे. शार्दूलविक्रीडित वृत्त शिकवताना म्हणतात ती ओळ, ‘आहे वृत्त विशाल त्यास म्हणती शार्दूलविक्रीडित’, हिच्यात ‘विशाल’मधला ‘ल’ पुढे ‘त्या’ असूनही लघुच राहतो, कारण मराठी माणूस ‘त्या’ उच्चारताना आधीच्या अक्षरावर भार देत नाही, ‘म्ह’चेही तसेच. संस्कृतातून आलेल्या वृत्तांनी मराठी जिभेपुढे अशा काही ठिकाणी नमते घेतले आहे.

आता काय मोजायचे यावरून तीन पद्धती पडतात. अक्षरगणवृत्तात लघु आणि गुरु अक्षरे कोणत्या क्रमाने यावीत हे अगदी अक्षरागणिक ठरलेले असते. मंगलाष्टकाच्या शार्दूलविक्रीडितात 19 अक्षरे असतात आणि त्यातले आठवे गुरुच असावे लागते, तिथेच मावशीचा ‘र’ अडकला होता. मात्रावृत्तात क्रमाची एवढी सक्ती नसते, पण एकूण मात्रा ठरलेल्या असतात, त्यामुळे एका गुरूच्या जागी दोन लघु चालतात. छंदात मात्रांचाही हिशेब सुटतो आणि केवळ अक्षरांची संख्या उरते. ओवी आणि अभंग या घराण्यातले. म्हणजे पहिल्या पद्धतीत कवीचे हात सर्वांत जास्त बांधलेले असतात आणि तिसऱ्या पद्धतीत सर्वांत कमी, असे वरवर दिसते.

मात्रावृत्ताचे एक नमुनेदार उदाहरण बहुतेकांना पाठ असते: ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची’. कोणत्या कवीने कोणता रचनाप्रकार आपला केला हे सांगणारे हे वचन स्वतःच आर्येच्या कुळातल्या गीतीत बांधलेले आहे. त्याचे चार चरण अनुक्रमे 12, 18, 12 आणि 18 मात्रांचे आहेत, मोजून पाहावेत. त्यातला ‘किंवा’ मला नेहमी गमतीचा वाटतो. तीन नावे सरळ सांगून झाल्यावर चौथ्यापाशी ‘किंवा’ येण्याचे अर्थाच्या बाजूने फारसे कारण नाही. तिथे 4 मात्रा हव्या होत्या, एवढेच. अशा शब्दांना पादपूरक म्हणतात. वृत्तापायी अर्थाला ठिगळ लागते ते असे, आणि वृत्ताची टिंगल करणारे लोक नेमके हेच ठिगळ दाखवतात. पण कसलेला कवी त्याच सक्तीचे काय करतो हे पाहायचे असेल तर ओवीकडे जावे लागते.

ज्ञानेश्वरी 1290 साली पूर्ण झाली आणि तिच्यात सुमारे 9,000 ओव्या आहेत. या ओवीला चार चरण असतात, पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक असते आणि चौथा चरण आखूड व यमकाविना असतो. अक्षरसंख्या सैल असते. वर्णन ऐकताना हा प्रकार फार साधा वाटतो, पण या रचनेत एक ताण दडलेला आहे. तीन वेळा तोच ध्वनी कानावर पडला की कान चौथ्यांदाही त्याचीच वाट पाहतो, आणि चौथ्यांदा तो येत नाही. शिवाय चरणही अपेक्षेपेक्षा लवकर संपतो. कानाची अशी फसगत झालेल्या जागी जो शब्द ठेवला जाईल तो आपोआप ठळक होतो. पसायदानातली ही ओवी पाहा:

जे खळांची व्यंकटी सांडो ।
तयां सत्कर्मीं रती वाढो ।
भूतां परस्परें पडो ।
मैत्र जीवांचें ॥

सांडो, वाढो, पडो या तीन क्रियापदांचे यमक आहे. तिसऱ्या चरणापर्यंत ‘प्राण्यांमध्ये परस्परांत पडो’ एवढेच आपल्या हाती आलेले असते. काय पडो? मराठीत माणसामाणसांमध्ये फूट पडते, अंतर पडते, वितुष्ट पडते. ‘पडो’ या क्रियापदाची बरीचशी सोयरीक वाईट गोष्टींशी आहे. चरण संपतो, श्वास घेतला जातो, आणि मग 5 अक्षरांत उत्तर येते: ‘मैत्र जीवांचें’. गद्यात हेच ‘सर्व प्राण्यांमध्ये परस्परांविषयी जिवाभावाचे मैत्र निर्माण होवो’ असे लिहिले तर अर्थाची सगळी सामग्री जागेवर राहते, पण तो अर्धा क्षण जातो, आणि त्या अर्ध्या क्षणातच या मागणीचे वजन आहे.

त्याच्या पुढच्याच ओवीत ही जागा आणखी वेगळ्या कामाला लावलेली दिसते. ‘दुरितांचें तिमिर जावो । विश्व स्वधर्मसूर्यें पाहो । जो जें वांछील तो तें लाहो । प्राणिजात ॥’ ज्याला जे हवे ते त्याला मिळो, असे तिसरा चरण म्हणतो, आणि तो ‘जो’ कोण हे सांगत नाही. भक्त? सज्जन? श्रोते? चौथा चरण अवघ्या 4 अक्षरांचा आहे आणि त्यात कर्ता येतो: प्राणिजात, म्हणजे जीव असलेले सगळे. ओवीतला सर्वांत लहान चरण तिच्यातली सर्वांत मोठी गोष्ट बोलतो. आता हे ज्ञानदेवांनी हिशेब करून केले का, असे कुणी विचारील. 9,000 ओव्या रचणाऱ्या माणसाला दर वेळी हिशेब करावा लागत नसणार. चौथ्या चरणाची जागा कशासाठी आहे हे त्याच्या कानाला कळलेले असते.

मोठ्या अभंगाची जडणघडण वेगळी आहे. त्यात 6, 6, 6 आणि 4 अशी अक्षरे असतात आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत जुळते. नामदेवांच्या गाथेत एक अभंग आहे ज्यात अभंगाचेच माप दिले आहे, आणि तिथे त्याला साडेतीन चरणांचा म्हटले आहे. चौथ्या चरणाला ‘अर्धा’ म्हणणे मला फार नेमके वाटते. तुकोबांची ही ओळ सगळ्यांच्या कानात आहे:

सुंदर तें ध्यान उभें विटेवरी ।
कर कटावरी ठेवोनियां ॥

मोजली तर ‘सुंदर तें ध्यान’ 6, ‘उभें विटेवरी’ 6, ‘कर कटावरी’ 6, ‘ठेवोनियां’ 4. विटेवरी आणि कटावरी हे दोन शब्द यमकाने एकमेकांसमोर उभे राहतात: खाली पाय विटेवर, वर हात कमरेवर. मूर्तीकडे पाहणाऱ्याची नजर ज्या दोन ठिकाणी जाते तिथेच यमक आहे. मग उरलेला अर्धा चरण ‘ठेवोनियां’वर संपतो. या शब्दाने मराठी वाक्य पुरे होत नाही. ‘ठेवून’ म्हटल्यावर पुढे काहीतरी करायचे बाकी आहे असे वाटते. इथे पुढे काहीच होत नाही. तो हात ठेवून उभाच आहे. चरण अर्धा, क्रियापद अर्धे, आणि उभे राहणे मात्र न संपणारे.

याच अभंगात पुढे ‘तुळसीहार गळां’ आणि ‘आवडे निरंतर’ मोजू गेलात तर 7 अक्षरे भरतील. त्याने बिचकायचे कारण नाही. अभंग टाळ-मृदंगाच्या साथीने म्हणण्यासाठी आहे, आणि म्हणताना एखादे अक्षर निसटते उच्चारून किंवा लघु अक्षर लांबवून हिशेब भागवला जातो. वारकऱ्याच्या पायाला जे माप कळते ते कागदावर अनेकदा चुकीचे दिसते.

तुकोबांचाच लहान अभंग घेतला तर बोलण्याची तऱ्हाच पालटते. ‘जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले । तोचि साधु ओळखावा । देव तेथेंचि जाणावा’: इथे प्रत्येक चरण 8 अक्षरांचा आणि दोन-दोन चरणांना यमक. दोन्ही बाजू समान लांबीच्या असल्यामुळे तराजूची दोन पारडी डोळ्यांपुढे येतात. एका पारड्यात रंजलेगांजले, दुसऱ्यात त्यांना आपले म्हणणारा. एका पारड्यात साधू, दुसऱ्यात देव. इथे अर्धा चरण नाही, लटकलेले क्रियापद नाही. निकाल दिल्यासारखे बोलणे आहे, आणि ते समान मापाच्या जोडीत शोभते. लहान अभंगात नेहमी निकालच दिले जातात असे मात्र म्हणता येणार नाही. बहिणाबाई चौधरींनी ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ असे आठ-आठ अक्षरांत म्हटले तेव्हा त्याच मापात जात्याची आणि चुलीची चाल आली.

अक्षरगणवृत्तात सगळेच ठरलेले असल्यामुळे कवीला अर्थासाठी जागा उरते कुठे, असा प्रश्न पडू शकतो. मनाच्या 205 श्लोकांचे वृत्त भुजंगप्रयात आहे: एक लघु आणि दोन गुरु, असे चार वेळा. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ ही ओळ लगागा लगागा लगागा लगागा अशी पडते. पाऊल एकसारखे पडत राहते, मध्ये ठरलेला विसावा नाही, आणि मन म्हणून ज्याला हाक मारली आहे त्याला सबब सांगायला फटच मिळत नाही. उपदेशाला ही अखंड चाल मानवते, शिवाय पाठ व्हायलाही ती सोपी जाते.

मोरोपंतांच्या केकावलीतले पृथ्वी वृत्त याच्या उलट आहे. त्यात 17 अक्षरे असतात आणि आठव्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबण्याची जागा, असते. ‘सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो, कलंक मतिचा झडो, विषय सर्वथा नावडो’ या प्रार्थनेत प्रत्येक यतीवर एक मागणी पुरी होते आणि प्रत्येक मागणी ‘डो’वर संपते. घडो, पडो, झडो अशी तीन क्रियापदे कानाला सवयीची झाल्यावर चौथे येते ‘नावडो’. तेही ‘डो’वरच संपते, पण त्याच्या पोटात नकार आहे. इंद्रियसुख आवडू नये अशी मागणी इतर मागण्यांच्या रांगेत अलगद येऊन बसते, आणि लहानपणी ती म्हणताना आपण काय मागून बसलो आहोत हे कुणाच्याही ध्यानात येत नाही.

इथवर आल्यावर असे वाटू लागते की प्रत्येक वृत्ताला स्वतःचा एक ठरलेला भाव असला पाहिजे. जुन्या शास्त्रकारांनाही तसे वाटत होते. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्राने ‘सुवृत्ततिलक’ नावाचा ग्रंथ लिहिला आणि कोणते वृत्त कोणत्या विषयाला शोभते हे त्यात सांगितले. पावसाळा, प्रवास आणि संकट यांना मंदाक्रांता शोभते असे त्याचे मत आहे, आणि कालिदासाच्या हाती ती विशेष खुलते असेही तो म्हणतो. मेघदूत आद्यंत मंदाक्रांतेत आहे हे लक्षात घेतले तर त्याचे म्हणणे समजते. या वृत्ताची ओळ शिकवतात ती अशी: ‘मंदाक्रांता म्हणति तिजला वृत्त ते मंद चाले’. आधी चार गुरु, मंऽदाऽक्रांऽताऽ, पाय जड झालेल्या माणसासारखे, मग ‘म्हणति तिज’ ही पाच लघु अक्षरे एका दमात आणि ‘ला’वर विसावा, मग ‘वृत्त ते मंद चाले’ असे हेलकावे. रेंगाळणे, एकदम धावणे आणि पुन्हा झोके खात मंदावणे, हे विरही मनाचेही वर्णन होऊ शकते. पण ‘होऊ शकते’ एवढेच. वृत्तात भाव आधीच भरून ठेवलेला असता तर कुणीही मंदाक्रांता जुळवून मेघदूत लिहिले असते.

मला जे म्हणायचे आहे ते एका मात्रावृत्तातून सर्वांत स्वच्छ दिसते. त्याचे नाव पादाकुलक. ओळीत 16 मात्रा, आठ-आठचे दोन भाग, बस. मराठीत इतके साधे आणि इतके वापरलेले वृत्त क्वचितच सापडेल. त्यातल्या तीन कविता शेजारी ठेवू.

पहिली बालकवींची फुलराणी:

हिरवे हिरवे गार गालिचे
हरित तृणांच्या मखमालीचे

दुसरी केशवसुतांची 1893ची तुतारी:

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणाने
भेदुनि टाकिन सगळी गगने
दीर्घ जिच्या त्या किंकाळीने

तिसरी मर्ढेकरांची, 1947च्या ‘काही कविता’तली:

पिपात मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण

तिन्ही ठिकाणी ओळ 16 मात्रांचीच आहे; बोटांवर मोजून खात्री करून घ्यावी. तरीही फुलराणीची ओळ गवतावरून हात फिरवल्यासारखी लागते, तुतारीची ओळ कानठळ्या बसवते आणि मर्ढेकरांची ओळ अंगावर काटा आणते. वृत्त तेच आहे, मग फरक कुठून आला?

मात्रावृत्तात एका गुरूच्या जागी दोन लघु चालतात असे वर म्हटले होते. ही मुभा इथे कामाला येते. ‘हरित तृणांच्या मखमालीचे’ या ओळीत 11 अक्षरे आहेत आणि त्यातली 6 लघु. ‘ह रि त तृ’ अशी चार लघु अक्षरे सुरुवातीलाच ओळीने येतात, जीभ कुठेही अडत नाही, आणि मखमलीतही पुन्हा ‘म ख’ हे दोन लघु आहेत. ‘दीर्घ जिच्या त्या किंकाळीने’ या ओळीत तेवढ्याच 16 मात्रा अवघ्या 9 अक्षरांनी भरल्या आहेत आणि त्यातली 7 गुरु आहेत. विशेषतः ओळीचा दुसरा अर्धा भाग म्हणजे किं, का, ळी, ने असे चार सलग गुरु. किंकाळी दीर्घ आहे असे कवी सांगतो आणि त्या शब्दापाशी आवाजाला दीर्घ होण्यावाचून गत्यंतर ठेवत नाही. मोठ्याने म्हणून पाहिले तर छाती भरून श्वास घ्यावा लागतो, म्हणजे तुतारी फुंकण्यासाठी घ्यावा लागतो तसाच. त्याच वेळात 11 अक्षरे बोलायची की 9, एवढाच फरक, आणि त्यातून एक ओळ गालिचा होते आणि दुसरी आरोळी.

मर्ढेकरांच्या ओळीत आणखी निराळे काही चालले आहे. ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ ही ओळ लघुगुरूंच्या दृष्टीने कसलेच टोक गाठत नाही; ती ठेका धरून चालते, बडबडगीतासारखी. फुलराणी पाठ असलेल्या मराठी वाचकाच्या कानाला हा ठेका ओळखीचा आहे, आणि त्या ओळखीच्या ठेक्यावर पिपात मेलेले उंदीर येतात. किळस शब्दांत आहेच, पण शब्द आणि चाल यांच्यातली विसंगती ती किळस दुप्पट करते. शोकाला साजेशी संथ, गंभीर चाल निवडली असती तर वाचकाला दुःख करायला सोपे गेले असते. इथे दुःख करण्याची सोयच ठेवलेली नाही. आणि दुसऱ्या ओळीतला ‘मुरगळल्याविण’ हा शब्द पाहा: ‘मु र ग ळ’ असे चार लघु भरभर येतात. फुलराणीत ‘ह रि त तृ’ या चार लघूंनी हिरवळ पसरली होती. तेच चार लघु इथे मानेभोवती आले आहेत.

त्याच ओळीतला ‘ओल्या’ हा शब्द मात्र मला सर्वांत विचार करायला लावतो. व्याकरणाने पाहिले तर ‘ओल्या’ हे पिपाचे विशेषण आहे, ‘ओल्या पिपात’. उंदरांचे विशेषण असते तर ‘ओले उंदिर’ झाले असते. मग ते पिपापासून तुटून दोन शब्द पुढे, उंदरांच्या शेजारी का गेले? कुणीही चटकन म्हणेल की वृत्तासाठी शब्द मागेपुढे करावे लागतात. पण ‘ओल्या पिपात उंदिर मेले’ ही सरळ ओळ मोजून पाहा: ओल्या 4, पिपात 4, उंदिर 4, मेले 4. बरोबर 16. सरळ क्रमही वृत्तात बिनतक्रार बसत होता, म्हणजे वृत्ताची सक्ती ही सबब इथे टिकत नाही. कवीने सरळ ओळ हातची सोडली. ‘ओल्या’ उंदरांना चिकटून आल्यामुळे पिपातला ओलावा व्याकरणाला न विचारता त्यांच्या अंगाला लागतो; आणि ओळ ‘मेले’ या पुऱ्या क्रियापदावर न थांबता ‘उंदिर’ या शब्दावर, दोन आखूड अक्षरांवर, तुटल्यासारखी संपते. वृत्ताने जे खरोखर करायला लावले ते वेगळेच आहे: ‘उंदीर’चा ‘उंदिर’ झाला, कारण दीर्घ ‘दी’ ठेवला असता तर 17 मात्रा भरल्या असत्या. वृत्ताने काय करायला लावले आणि कवीने आपणहून काय केले, हे असे वेगळे काढता आले की कविता वाचण्याची मजा सुरू होते. त्यासाठी हाताशी असावे लागते ते फक्त मोजमाप, आणि ‘हीच ओळ आणखी कशी लिहिता आली असती’ हा प्रश्न.

गझलेत मोजमापाबरोबर आणखी एक बंधन येते. मराठीत माधव जूलियन यांनी आणि पुढे सुरेश भटांनी रुजवलेल्या या प्रकारात रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा तोच शब्द, आणि त्याच्याआधी काफिया, म्हणजे यमक जुळवणारा शब्द, असे असते. ऐकणाऱ्याला शेराचा शेवटचा शब्द आधीच ठाऊक असतो. म्हणून मैफलीत पहिली ओळ ऐकल्यावर लोक मनातल्या मनात अंदाज बांधू लागतात, आणि ठाऊक असलेल्या त्या शब्दापाशी कवी न सुचलेल्या वाटेने पोहोचला की दाद जाते. शब्द तोच राहतो आणि दर शेरात त्याचा अर्थ थोडा सरकतो. ज्या गझलेत तो सरकत नाही तिच्यात रदीफ नुसता शेपटासारखा लोंबत राहतो, आणि अशा गझला आपल्याकडे खंडीभर आहेत.

मग मुक्तछंदात, जिथे अक्षरे, मात्रा, गण आणि यमक यांतले काहीच बांधलेले नाही, तिथे रूपाने अर्थ घडवण्याचे काय होते? मराठीत मुक्तछंदाचा आग्रहाने पुरस्कार केला तो कवी अनिलांनी; 1940च्या ‘भग्नमूर्ति’त त्यांनी दीर्घ कविताच त्यात लिहिली. मुक्तछंद म्हणजे गद्य तोडून लिहिणे असा आरोप तेव्हापासून होत आला आहे, आणि पुष्कळ कवितांच्या बाबतीत तो खोटाही नाही. पण सगळे सोडून दिल्यावरही कवीकडे एक गोष्ट उरते: ओळ कुठे थांबवायची हे. अगदी घरगुती वाक्य घेऊ. ‘आई गेली बाजारात, परत येताना पाऊस लागला.’ यात कविता नाही. आता तेच शब्द असे लिहू:

आई गेली
बाजारात,
परत येताना पाऊस लागला.

‘गेली’ या क्रियापदाचा मराठीत जो दुसरा अर्थ आहे तो पहिल्या ओळीच्या शेवटी, डोळा खालच्या ओळीवर उतरेपर्यंत, एकटाच उभा राहतो. पुढे बाजार येतो, पाऊस येतो, आई सुखरूप असते. तरी पहिली ओळ वाचून झालेली असते.